जुन्या हॉलिवूडच्या डिस्क जमवताय? या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला फोटो पाठवतं. कपाटाचा एक कप्पा, त्यात ओळीने लावलेल्या चाळीस-पन्नास डब्या, निम्म्यांवरचं प्लास्टिक अजून फोडलेलंही नाही. खाली प्रश्न: "कसं वाटलं कलेक्शन?" मी उलट एवढंच विचारतो, यातले किती सिनेमे शेवटपर्यंत पाहिलेस? "वेळच मिळत नाही हो," हे उत्तर मला आता पाठ झालंय.

मी २००३ पासून जमवतोय. मूकपटांपासून साधारण १९६० पर्यंतचं हॉलिवूड, त्यापुढचं क्वचित. सुरुवात काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये झाली. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं आणि तेव्हापासून माझ्याकडचं जवळजवळ सगळं परदेशातून येतं. पोस्टेज भरा, कस्टमचं वेगळं भरा, आणि वस्तू खराब निघाली तर परत पाठवायचा खर्च वस्तूपेक्षा जास्त. म्हणून इथे बसून जमवणाऱ्याला चूक परवडत नाही. तरीही नवीन माणसं त्याच त्याच चुका करतात, आणि त्यातल्या दोन अशा आहेत की त्यांच्याबद्दल मी सविस्तरच लिहिणार आहे.

डिस्क आली, कपाटात गेली

ही सगळ्यात मोठी चूक. सीलबंद म्हणजे सुरक्षित, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं.

२००७ मध्ये माझ्या मावसभावाने न्यू जर्सीहून येताना चाळीसच्या दशकातल्या पाच नॉयर, म्हणजे काळोख्या गुन्हेगारी, सिनेमांचा एक संच आणला. तीन पाहिले, दोन "निवांत पाहू" म्हणून ठेवून दिले. त्या दोनांतला एक बाबांनी कॉलेजात असताना मेट्रोला मॅटिनीला पाहिलेला. त्यांना त्यातला पावसाळी रस्ता आठवायचा, हिरोची टोपी आठवायची, शेवट मात्र आठवत नव्हता. २०१९ मध्ये त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी तो संच काढला. प्लास्टिक त्यांच्याच हातून फोडलं. सत्तावन्न मिनिटं सिनेमा सुरेख चालला. मग नायिकेचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला, आवाज तुटला आणि चित्र थांबलं. पुढे ढकलून पाहिलं, दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहिलं, संगणकात घालून पाहिलं. सत्तावन्नच्या पुढे जाईना. डिस्कवर एक ओरखडा नव्हता, बोटाचा ठसा नव्हता. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तेव्हा कडेला नखाएवढा दुधी डाग दिसला, तोही दोन थरांच्या मध्ये, म्हणजे पुसता न येण्यासारखा.

असं नेमकं मध्यावरच का होतं, हे समजून घ्या. डीव्हीडी म्हणजे प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या गोंदाने एकमेकींना चिकटवलेल्या. दोन थरांच्या डिस्कवर लेझर पहिला थर आतून बाहेर वाचत जातो, मग दुसऱ्या थरावर जातो आणि बाहेरून आत परत येतो. त्यामुळे डिस्क भरलेली असेल तर सिनेमाचा मधला भाग तिच्या बाहेरच्या कडेपाशी असतो. गोंद सुटायला लागतो तोही पुष्कळदा कडेकडूनच. सुरुवातीची दहा मिनिटं चालली म्हणून डिस्क चांगली, असं धरून चालणं म्हणूनच धोक्याचं. २००६ ते २००८ या काळात अमेरिकेत छापलेल्या एका मोठ्या स्टुडिओच्या कितीतरी डीव्हीडी अशाच गेल्या. बदली डिस्क देण्याचं जाहीर झालं ते २०२५ मध्ये. तोवर जुन्या पावत्या कुणाकडे उरल्या असणार?

आता माझा नियम पक्का आहे. डिस्क आली की आठ दिवसांच्या आत पूर्ण पाहायची, सिनेमासोबतच्या पुरवणी फिती धरून. शक्य नसेल तर संगणकात घालून सगळ्या फायली हार्डडिस्कवर उतरवून बघायच्या. सगळी डिस्क विनातक्रार वाचली गेली, तर निदान आज ती ठीक आहे. माझ्याकडे एक शंभरपानी वही आहे. त्यात सिनेमाचं नाव, डिस्क कधी आली, कुठे छापली आणि कधी पूर्ण चालवली हे लिहितो. २००६ ते २००८ मधल्या डिस्कांपुढे लाल खूण आहे. त्या दर दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा तपासतो. त्यातल्या दोन सिनेमांच्या नव्या आवृत्त्या मी लगेच घेतल्या, कारण जुन्या डिस्क केव्हा जातील याचा नेम नाही.

बाबांचा तो सिनेमा ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या डिस्कवर, मिळाला, पण पोचायला सात महिने लागले. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

सिनेमा विकत घेतला, प्रिंट पाहिली नाही

दुसरी मोठी चूक स्वस्ताईची. "एका संचात ५० क्लासिक सिनेमे" असं लिहिलेला खोका दिसला की नवीन माणूस हरखून जातो. १२ डिस्क, दोन्ही बाजूंनी छापलेल्या, एकेका डिस्कवर चार-पाच सिनेमे. हिशोब केला तर एक सिनेमा चहाच्या किमतीत. पण हे सिनेमे इतके स्वस्त का, हे विचारायला हवं.

अमेरिकेच्या जुन्या कायद्यात सिनेमाला २८ वर्षांचं कॉपीराइटचं संरक्षण मिळायचं आणि मुदत संपताना अर्ज करून ते वाढवून घ्यावं लागायचं. ज्यांचा अर्ज राहून गेला ते सिनेमे सगळ्यांना खुले झाले. हॉवर्ड हॉक्सचा १९४० चा 'हिज गर्ल फ्रायडे' असा सुटला. फ्रँक काप्राचा १९४६ चा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' १९७४ मध्ये असाच मोकळा झाला. १९६३ च्या 'शराड'ची गोष्ट तर आणखी वाईट: पडद्यावरच्या हक्कसूचनेत 'कॉपीराइट' हा शब्द किंवा त्याची खूणच नव्हती, म्हणून तो आला त्याच दिवशी खुला झाला. खुला झाला की कुणीही छापावा. छापणाऱ्याला मूळ निगेटिव्ह थोडीच मिळते? टीव्ही केंद्रांसाठी काढलेली झिजकी १६ मिलिमीटरची प्रिंट, नाहीतर कुणाची तरी व्हिडिओ कॅसेट, हे त्याचं मूळ.

'हिज गर्ल फ्रायडे' मी पहिल्यांदा अशाच खोक्यातून पाहिला. या सिनेमाचा जीव संवादांत आहे. कॅरी ग्रँट आणि रोझालिंड रसेल एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, मागे फोनवर तिसरा बोलत असतो, आणि तरी प्रत्येक शब्द पोचावा अशी त्याची रचना आहे. माझ्या डिस्कवर सतत खरखर होती, चेहरे पांढरेफटक आणि दर रिळाच्या शेवटी एक-दोन वाक्यं गायब. मला तो निव्वळ कलकलाट वाटला. पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत राहिलो, या सिनेमाचं उगाच कौतुक होतं. मग क्रायटेरियन या प्रकाशकाची २०१७ ची आवृत्ती पाहिली. वार्ताहरांच्या खोलीतलं टेबल, त्यावरचा दिव्याचा उजेड, मागच्या माणसाच्या हातातले पत्ते, सगळं जिथल्या तिथे. आणि संवाद! त्या रात्री मी तो लागोपाठ दोनदा पाहिला. ज्यांना मी तो पाहू नका म्हणालो होतो, त्यांतल्या तिघांना फोन करून चूक कबूल केली.

तेव्हा घेण्याआधी डबीची मागची बाजू वाचा. कोणत्या निगेटिव्हवरून किंवा प्रिंटवरून काम केलंय, कुणी केलंय, हे चांगले प्रकाशक अभिमानाने छापतात. तिथे फक्त नट-नटींची नावं आणि "डिजिटली रीमास्टर्ड" एवढंच असेल, तर मी ती डबी ठेवून देतो. हक्क खुले झालेला प्रत्येक सिनेमा वाईटच मिळतो असं मात्र नाही. बस्टर कीटनच्या १९२६ च्या 'द जनरल'च्या उत्तम आवृत्त्या आहेत, कारण कुणीतरी चांगली प्रिंट शोधून तिच्यावर मेहनत घेतली.

उलट, मोठं नाव आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका. 'सिटिझन केन'च्या २००१ च्या डीव्हीडीत चित्र इतकं घासूनपुसून काढलं होतं की बर्नस्टीन या पात्राच्या कचेरीतल्या प्रसंगात खिडकीबाहेरचा पाऊसच पुसला गेला. यंत्राला थेंब म्हणजे कचरा वाटला. २०११ च्या ब्लू-रेत तो पाऊस परत आला. पडद्यावर बारीक दाणे दिसले की "प्रिंट खराब आहे" म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तो दाणा म्हणजे फिल्म आहे. तो काढला की चेहरे मेणाचे होतात.

काळ्या पट्ट्यांचा राग

हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. १९५३ आधीचं हॉलिवूड जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालंय, साधारण १.३७ ला १, म्हणजे रुंदी १.३७ तर उंची १. आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. लोक रिमोट घेतात आणि चित्र ताणून टीव्ही भरून टाकतात. मग इन्ग्रिड बर्गमनचा चेहरा भाकरीसारखा पसरतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ताणणं एकदाच बंद करा.

१९५३ मध्ये 'द रोब'पासून सिनेमास्कोपचा रुंद पडदा आला आणि उलटी चूक सुरू झाली. जुन्या "फुल स्क्रीन" डीव्हीडी अजून रद्दीवाल्यांकडे मिळतात. 'बेन-हर'चं मूळ चित्र २.७६ ला १. ते जुन्या टीव्हीच्या आकारात बसवलं तर निम्म्याहून जास्त चित्र कापलं जातं. रथांच्या शर्यतीतले रथच बाहेर. फुकट दिली तरी घेऊ नका.

रिजन

रिजन म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारी खूण. भारत डीव्हीडीसाठी ५ आणि ब्लू-रेसाठी सी. अमेरिकेतली डीव्हीडी १, ब्लू-रे ए. युरोपातली डीव्हीडी २, ब्लू-रे बी. डीव्हीडी प्लेअर पुष्कळदा रिमोटवरचे चार आकडे दाबून सगळ्या रिजनना खुला होतो. ब्लू-रेचं तसं नाही, बहुतेक प्लेअरना आत बदल करून घ्यावा लागतो. आधी खुला प्लेअर घ्या, मग डिस्क. सगळे उलट करतात. आणि ४केच्या, म्हणजे ब्लू-रेहूनही बारीक चित्राच्या, डिस्कना रिजनची अडचण येत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, त्याच डबीतली ब्लू-रे कुलूपबंद असू शकते आणि पुरवणी फिती बहुधा तिच्यावरच असतात.

कोणती आवृत्ती, ते पाहा

चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' १९२५ चा मूकपट आहे. १९४२ मध्ये त्याने स्वतःच्या आवाजात निवेदन घालून तो पुन्हा आणला. दोन्ही वेगळे अनुभव आहेत, आधी १९२५ चा बघा. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'च्या तीन आवृत्त्या आहेत. तिसरी त्याच्या ५८ पानी टिपणावरून १९९८ मध्ये बांधलेली. तिन्ही एकत्र मिळत असतील तरच घ्या.

रंगवलेले कृष्णधवल सिनेमे घेऊ नका. यावर मी वाद घालत नाही.

युरोपातल्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज बहुधा किंचित चढतो. गुन्हेगारीपट असेल तर चालवून घेतो, संगीतिका मात्र पालवर कधीच घेत नाही. जूडी गार्लंडच्या गाण्याची पट्टी बदलायचा कुणाला अधिकार आहे?

खालची बाजू जांभळी दिसली तर ती डिस्क कारखान्यात छापलेली नाही, 'जाळलेली', म्हणजे कोऱ्या डिस्कवर लेझरने उतरवलेली आहे. २००९ पासून काही स्टुडिओ स्वतःच मागणीप्रमाणे अशा डिस्क विकतात, त्या अस्सल. बाकी ठिकाणी अनोळखी प्रकाशकाची जांभळी डिस्क दिसली तर पैसे खिशात ठेवा.

टूथपेस्ट

ओरखड्यावर टूथपेस्ट घासायचा व्हिडिओ मला आजवर निदान वीस जणांनी पाठवला असेल. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते आणि वर कडक लेप असतो. तो लेप घासून काढायला निघालेल्या माणसाला काय सांगणार? साधं पाणी, मऊ सुती कापड, आणि पुसायचं मधून बाहेर सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका: माहितीच्या रेषेला आडवा गेलेला ओरखडा प्लेअर भरून काढू शकतो, रेषेबरोबर गेलेला काढू शकत नाही. एवढ्याने चालली नाही तर दुसरी प्रत शोधा.

घाई

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची १९९८ ची शंभर सिनेमांची यादी छापून घ्यायची आणि सहा महिन्यांत पुरी करायची, असा उद्योग करणारे मी पाहिलेत. यादी पुरी होते आणि उत्साह संपतो. एक दिग्दर्शक धरा, त्याचे पाच सिनेमे नीट बघा, सहावा आपोआप कळतो. "फक्त ३,००० प्रती" असं वाचूनही धावू नका. ट्वायलाइट टाइम हे प्रकाशक अशाच मोजक्या प्रती काढायचे. २०२० मध्ये त्यांचं काम थांबलं, आणि ज्यांसाठी लोकांनी चौपट पैसे मोजले त्यातले कित्येक सिनेमे पुढे दुसऱ्या प्रकाशकांनी काढले.

पावसाळा

परदेशातले सल्ले इथे अर्धेच लागू पडतात. ठाण्यात जुलैत भिंतीला हात लावला तर ओला होतो. बुरशी आधी कागदावर येते, म्हणजे डबीतल्या पुस्तिकेवर आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. प्लास्टिकच्या पाकिटांच्या वह्यांत डिस्क कोंबू नका, चिकटून बसतात. मी प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवतो, आषाढात दर पंधरा दिवसांनी त्या तव्यावर मंद आचेवर परततो आणि गार झाल्यावर परत ठेवतो. गणपतीनंतर ऊन पडलं की पुस्तिका बाहेर काढून पंख्याखाली एक दुपार उघड्या ठेवतो. डिस्क मात्र उन्हात कधीच नाही.