ओसरत चाललेल्या ऑनलाइन अवकाश-खेळाचे भवितव्य कसे पारखावे

जिंतूरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत फोनवर विचारले, "मामा, ईव्हचे वर्षाचे पैसे एकदाच भरू का? पोरं म्हणायलेत गेम मरायलाय." आइसलँडमधील रेक्याविक येथील सीसीपी गेम्स या कंपनीने ६ मे २००३ रोजी सुरू केलेला ईव्ह ऑनलाइन हा अवकाश-खेळ मरणार, हे मी स्वतः कित्येक वर्षे ऐकत आलो आहे, आणि तरीही तो प्रश्न वेडगळ नव्हता. त्याला तेव्हा जे सांगितले, तेच येथे जरा नीट मांडतो. उदाहरणे बहुतांश ईव्हची आहेत, कारण मी तोच खेळलो. पण पारखण्याची रीत अशा कोणत्याही खेळाला लावता येईल.

आधी प्रश्न सुटा करून घ्यावा. "खेळ चालू राहील का" हा एक प्रश्न आहे, "माझ्या वेळेला त्यात माणसे भेटतील का" हा दुसरा, आणि "मी किती महिन्यांचे पैसे आगाऊ भरावेत" हा तिसरा. लोक तिन्हींची सरमिसळ करतात आणि मग पहिल्याचे उत्तर "हो" आले की तिसऱ्यासाठी खिशात हात घालतात. खेळ पुढची दहा वर्षे चालेल आणि तरीही परभणी-जिंतूरकडच्या मुलाला रात्री नऊ वाजता त्यात करण्यासारखे काही उरणार नाही, असे सहज होऊ शकते.

सर्वांत आधी डोळ्यांत भरतो तो एकाच वेळी लॉगिन असलेल्यांचा आकडा. ईव्हमध्ये ५ मे २०१३ रोजी हा आकडा ६५,३०३ पर्यंत गेला होता आणि त्यानंतर तेवढी उंची पुन्हा गाठली गेली नाही. मात्र हा आकडा माणसांचा नसून अकाउंटांचा असतो, हे लक्षात ठेवावे. एकच माणूस खाणकामाला चार, मालवाहतुकीला एक आणि पहाऱ्याला एक अशी सहा अकाउंटे एकदम चालवतो, आणि असे लोक या खेळात थोडेथोडके नाहीत. शिवाय नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने मर्यादित स्वरूपात खेळ मोफत केला, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच तराजूत घालता येत नाहीत. स्टीम या खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावरचा आकडा पाहून निकाल देणाऱ्यांची चूक याहून मोठी असते, कारण ईव्हचे पुष्कळ जुने खेळाडू स्टीमला वळसा घालून कंपनीच्या स्वतःच्या लाँचरमधून शिरतात.

तुलना करायचीच तर त्याच वाराची, त्याच तासाची आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. युरोपातील खेळाडू जून ते ऑगस्ट बाहेर भटकतात, म्हणून तिथला उन्हाळा या खेळाचा पडता काळ असतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही आणि पोरे घरात कोंडलेली असतात, त्यामुळे आपला हंगाम नेमका उलटा पडतो. सर्व्हर रोज खेळाच्या घड्याळात सकाळी ११ वाजता, म्हणजे आपल्या घड्याळात दुपारी साडेचारला, काही मिनिटे बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तेव्हा साडेचार-पाचचा आकडा कुठेही धरू नये. आणि अवकाश रिकामे दिसते म्हणून घाबरू नये. या खेळात साडेसात हजारांहून अधिक तारकाप्रणाली आहेत आणि चीन सोडून सगळे जग एकाच सर्व्हरवर आहे. भर दुपारी जिंतूर रस्त्याला मैलभर माणूस दिसत नाही, म्हणून त्या बाजूला गावे नाहीत असे कोणी म्हणत नाही.

खरी पारख बाजारात होते. माझे वडील परभणीच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. सोयाबीनच्या हंगामात गाड्यांची रांग आणि मालाचे ढीग पाहून आम्ही मुले हरखून जात असू. वडील मात्र घरी आल्यावर आवक किती झाली याच्या आधी उठाव कसा होता ते सांगत, कारण ढीग कितीही उंच असला तरी तो उचलणारा व्यापारी नसेल तर संध्याकाळी शेतकरी पडेल त्या भावाला माल टाकून जातो. ईव्हचा बाजार खेळाडूंनीच चालवलेला आहे. बहुतेक जहाजे, तोफा आणि दारूगोळा कोणीतरी खाणीतून खनिज काढून, कारखान्यात घडवून विकायला ठेवलेला असतो, आणि तो उठतो तो लढाईत नष्ट झाल्यामुळे. माणसे कमी झाली की लढाया कमी होतात, लढाया कमी झाल्या की माल उठत नाही, माल उठेना की घडवणारे कंटाळतात, आणि लढणाऱ्याला मग जहाज महाग पडते. या फेऱ्यात खेळ अडकला आहे का, एवढे तपासायचे आहे.

त्यासाठी जिटा या मुख्य बाजारपेठेत जावे आणि तीन वस्तू निवडाव्यात: रोज खपणारा एखादा साधा दारूगोळा, लढाईत सर्रास वापरले जाणारे एखादे स्वस्त जहाज, आणि वेंचर हे नवशिक्यांचे खाणकामाचे छोटे जहाज. विक्रीची यादी लांबलचक दिसली तरी तिच्यावर भिस्त ठेवू नये, कारण एकदा लावलेली ऑर्डर नव्वद दिवसांपर्यंत तशीच पडून राहू शकते आणि ती लावणारा दोन महिन्यांपूर्वीच खेळ सोडून गेलेला असू शकतो. हा नुसता ढीग झाला. त्याच खिडकीत भावाचा इतिहास असतो. तो आलेखाऐवजी तक्त्याच्या रूपात उघडला की रोज किती नग विकले गेले हे ओळीने दिसते, आणि तो आपला उठाव. वर्षभराचे आकडे पाहावेत, एखाद्या आठवड्याच्या उसळीकडे दुर्लक्ष करावे, आणि सोबत खरेदीचा सर्वांत वरचा भाव व विक्रीचा सर्वांत खालचा भाव यांत किती अंतर आहे तेही टिपून ठेवावे. व्यापारी भरपूर असले की ते एकमेकांना थोड्याथोड्या भावाने कापत राहतात आणि अंतर अरुंद राहते. व्यापारी पांगले की ते रुंदावते.

वेंचर मुद्दाम निवडायला सांगतो. हे जहाज जुना खेळाडू सहसा स्वतःसाठी घेत नाही. नवखा माणूस पहिले फुकट मिळालेले गमावतो आणि मग बाजारातून दुसरे घेतो. म्हणून वेंचरची विक्री टिकून असेल तर दारातून नवी माणसे आत येत आहेत आणि पहिला फटका खाऊनही थांबत आहेत, असा अंदाज बांधता येतो. अंदाजच, कारण जुन्यांची दुय्यम अकाउंटेही ते घेतात. हीच पाहणी मग हेक किंवा रेन्ससारख्या लहान पेठेत करावी. माझा अनुभव असा की मंदी आली तरी जिटा शेवटपर्यंत गजबजलेला दिसतो. पाणी आधी आटते ते कडेच्या पेठांचे, कारण उरलेले लोक मोठ्या बाजारालाच धरून राहतात. कंपनी स्वतःही खेळाच्या अर्थव्यवस्थेचा मासिक अहवाल देते आणि त्यात किती किमतीचा माल तयार झाला व किती नष्ट झाला हे येते. त्यातील नष्ट झालेल्या मालाची रेघ मी आधी पाहतो.

मोठ्या युद्धांच्या बातम्यांवरून मात्र काही ठरवू नये. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या प्रणालीत ताब्याचा हप्ता वेळेवर न भरल्यामुळे पेटलेल्या लढाईत टायटन ही खेळातील सर्वांत मोठी जहाजे ७५ उडाली आणि जगभर चर्चा झाली. गर्दीमुळे अशा वेळी सर्व्हर खेळातील काळच मूळ वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत मंदावतो, आणि पडद्यावर तोफ एकदा उडायला चहा पिऊन व्हावा इतका वेळ जातो. ते बघायला भव्य असते, पण खेळाचे पोट भरते ते रोजच्या बारीकसारीक चकमकींवर.

आता मालकाकडे वळू. अवकाश-खेळांच्या इतिहासात दार बंद झाले ते पुष्कळदा मालकाचा हिशेब बदलल्यामुळे. अर्थ अँड बियाँड हा खेळ सप्टेंबर २००२ मध्ये आला आणि सप्टेंबर २००४ मध्ये बंदही झाला. मागे मोठ्या प्रकाशकाचे नाव होते, आणि मोठ्या प्रकाशकाला लहान नफ्यात रस नसतो. स्टार वॉर्स गॅलेक्सीज हा खेळ जून २००३ मध्ये, ईव्हच्याच सुमारास, सुरू झाला. नोव्हेंबर २००५ मध्ये त्याची सगळी घडण एका फटक्यात बदलल्याने जुने लोक दुखावले, तरी तो आणखी सहा वर्षे चालला. पण त्यातले विश्व उसन्या परवान्याचे होते. १५ डिसेंबर २०११ रोजी तो बंद झाला आणि पाचच दिवसांनी त्याच विश्वावरचा दुसरा ऑनलाइन खेळ बाजारात आला. म्हणून पहिली विचारणा अशी असावी, की खेळातले जग मालकाचे स्वतःचे आहे की भाड्याचे? ईव्हचे विश्व कंपनीचे स्वतःचे आहे, आणि ही त्याची फार मोठी जमेची बाजू आहे.

दुसरी विचारणा, मिळकत जाते कुठे? सीसीपीने ईव्हच्या जोरावर डस्ट ५१४ हा दुसरा खेळ २०१३ मध्ये काढला आणि मे २०१६ मध्ये बंद केला. २०१४ मध्ये आणखी एक मोठा प्रकल्प अर्धवट सोडून दिला. कोरियातील पर्ल अ‍ॅबिसने ही कंपनी २०१८ मध्ये विकत घेतली, तेव्हाही ईव्हच दुभती गाय होती. गायीच्या पेंडीचे पैसे वासरांवर किती काळ खर्च होतात, हे पाहत राहावे. मे २०२२ मध्ये मासिक वर्गणी १४.९५ डॉलरवरून १९.९९ डॉलर झाली. आहेत त्याच माणसांकडून जास्त पैसे घेणे म्हणजे नवी माणसे फारशी येतील अशी आशा कंपनीला उरलेली नाही, असा मी त्याचा अर्थ लावला होता, आणि अजूनही लावतो.

चुका होणे फारसे वाईट नाही. चुकीनंतर काय होते ते पाहावे. जुलै २०१९ मध्ये दूरच्या, कायदा न चालणाऱ्या अवकाशातील स्थानिक चॅटची यादी लपवण्यात आली, शेजारी कोण आहे हे कळेना, लोक बाहेर पडेनात आणि आकडे घसरले. सप्टेंबरमध्ये कंपनीने तो निर्णय मागे घेतला. खेळाडूंनी निवडून दिलेले मंडळ २००८ पासून कंपनीशी बोलत असते, याचाही तिथे थोडाफार उपयोग होतो. फ्राँटियर या कंपनीच्या एलिट डेंजरस या अवकाश-खेळाचे उदाहरण मला त्याहून बोलके वाटते. मे २०२१ मधील ओडिसी या विस्तारावर खेळाडूंनी टीकेची झोड उठवली, मार्च २०२२ मध्ये कन्सोलवरील पुढचे काम थांबवले गेले, आणि तेव्हा मीही या खेळाला हात जोडले होते. पण २०२४ पासून नवी जहाजे आली, फेब्रुवारी २०२५ मध्ये खेळाडूंना स्वतः नव्या प्रणाली वसवण्याची सोय मिळाली आणि वावर पुन्हा वाढला. त्यात एक मेख आहे. एलिट एकट्यानेही खेळता येतो, त्यामुळे पडता काळ त्याला सोसतो. ईव्हमध्ये समोरचा माणूस हाच खेळाचा ऐवज असल्याने त्याला तेवढी उसंत मिळणार नाही.

बंद होण्याची खूण अशी असते: पैसे घेणेच थांबते. टॅब्युला रासा हा ऑनलाइन खेळ बंद होणार हे नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झाले, जानेवारीत तो सर्वांना मोफत झाला आणि २८ फेब्रुवारी २००९ रोजी संपला. असे काही दिसले तर खेळातील सोबत्यांचे बाहेरचे संपर्क त्याच रात्री लिहून घ्यावेत.

स्वतःच्या वेळेची तपासणी मात्र स्वतःच करावी लागते. ईव्हचा सर्व्हर लंडनला आहे आणि तो सेकंदाला एकदा हिशेब करतो, त्यामुळे परभणीहून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ, जास्त असला तरी फारसे बिघडत नाही, वीज मात्र टिकली पाहिजे. युरोपची ऐन संध्याकाळ आपल्याकडे रात्री साडेअकराच्या पुढे पडते. म्हणून कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या एखाद्या गटात, शिरण्याआधी त्यांना सरळ विचारावे, की भारतीय वेळेनुसार रात्री नऊ ते बारा तुमच्यातले किती जण असतात. मग सलग दोन आठवडे त्या वेळेत बसून प्रत्यक्ष डोकी मोजावीत. पाच-सहा माणसे नेमाने येत असतील तर जगाचा आकडा निम्मा झाला तरी आपला खेळ चालतो.

राहता राहिले पैसे. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीचे नियम कडक केल्याने परदेशी कंपन्यांचे स्वयंचलित हप्ते भारतीय कार्डांवर अनेकदा अडतात; म्हणून ती सोय बंद ठेवून दर वेळी हाताने भरणे बरे. वर्गणी संपली तरी ईव्हमध्ये पात्र पुसले जात नाही, ते मोफत वर्गात जाते आणि काही जहाजे आणि कौशल्ये तेवढी वापरता येत नाहीत. मग वर्षाची सवलत घ्यायची कशाला? जहाजे, नाणी, कौशल्ये यांतले काहीही कायद्याने आपल्या मालकीचे नसते, हेही भाच्याला स्पष्ट सांगितले.

माझे मत विचाराल तर ईव्ह इतक्यात बंद होणार नाही, पण २०१३ चे दिवसही परत येणार नाहीत. भाच्याने दोन आठवडे वहीत आकडे उतरवले, हेकमधली वेंचरची विक्री जिटाच्या मानाने फारच थोडी निघाली, पण रात्री दहाला येणारी सात माणसे सापडली. त्याने एका महिन्याचे पैसे भरले आणि परवा मला वहीचे पान फोटो काढून पाठवले, खाली बारीक अक्षरात लिहिले होते, "मामा, आज सातातले पाच."