ब्रिटनमध्ये मोबाइलचा करार: स्वतंत्र विक्रेत्याकडून घेताना हिशेब कसा करावा

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनला गेलेल्या आपल्या माणसाला प्रीपेड रिचार्जची सवय असते. तिथे मात्र हँडसेट आणि सेवा एकत्र देणारे दोन-दोन वर्षांचे करार सर्रास विकले जातात. ईई, ओटू किंवा व्होडाफोन या मोबाइल नेटवर्क कंपन्यांचीच सेवा एखादा स्वतंत्र विक्रेता कंपनीपेक्षा स्वस्तात देऊ लागला की शंका येते, पण त्यात बहुधा काळेबेरे नसते. ग्राहक मिळवून दिल्याबद्दल नेटवर्क कंपनी विक्रेत्याला कमिशन देते आणि स्पर्धेत टिकण्यासाठी विक्रेता त्यातला काही भाग हँडसेटची सुरुवातीची रक्कम कमी करण्यात किंवा कॅशबॅकमध्ये घालतो.

प्रथम जाहिरातीतला मोठ्या अक्षरांतला मासिक दर बाजूला ठेवून पूर्ण मुदतीचा खर्च मांडावा. समजा, कंपनीकडे सुरुवातीला ३० पौंड आणि दरमहा ३३ पौंड आहेत. २४ महिन्यांचे ८२२ पौंड होतात. विक्रेत्याकडे सुरुवातीचे ३० पौंड तेच, पण दरमहा ३६ पौंड आणि वर १४४ पौंड कॅशबॅक आहे. म्हणजे ८९४ वजा १४४, एकूण ७५० पौंड, कंपनीपेक्षा ७२ पौंड कमी. जाहिरातीत मात्र कॅशबॅक २४ महिन्यांवर वाटून, म्हणजे ३६मधून ६ वजा करून, ‘दरमहा ३० पौंड’ असे छापलेले असू शकते, आणि बँकेतून ३६च कापले जातात.

आता कॅशबॅक कसा मिळणार, हे तपासावे. तो आपोआप खात्यात जमा होणार असेल तर उत्तम. मागणी करून घ्यायचा असेल तर ठरलेल्या महिन्यांत, ठरलेल्या मुदतीत बिलाची प्रत पाठवावी लागते. वरचे १४४ पौंड ३६च्या चार हप्त्यांत मिळणार असतील, तर त्यांतले दोन हप्ते हुकताच ७२ पौंडांचा सगळा फायदा संपतो. ज्यांना तारखा पाळणे जमत नाही, त्यांनी अशा करारांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेवेचा करार नेटवर्क कंपनीशी होतो, कॅशबॅकचे वचन मात्र विक्रेत्याचे असते. ईई आणि व्होडाफोन यांनी पाठ फिरवल्यावर २०१४ मध्ये ‘फोन्स फोर यू’ ही मोठी दुकानसाखळी कोसळली, तेव्हा ग्राहकांचे नेटवर्कशी झालेले करार चालूच राहिले. पण विक्रेताच बुडाला तर त्याचे कॅशबॅकचे वचन धोक्यात येते. म्हणून कॅशबॅकची रक्कम मोठी असल्यास विक्रेता किती जुना आणि भक्कम आहे, हे पाहणे आले.

सही करण्यापूर्वी दरवाढीचे कलम वाचावे. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत वाढ किती आणि केव्हा, हे पौंड-पेन्समध्ये आधीच सांगणे ऑफकॉम या नियामकाने बंधनकारक केले आहे. ती वाढही हिशेबात धरावी. ऑनलाइन घेतलेला करार १४ दिवसांत रद्द करता येतो, मात्र हँडसेट वापरून त्याची किंमत घटवल्यास तेवढी रक्कम कापली जाऊ शकते. आधीचा ब्रिटिश क्रमांक कायम ठेवायचा असल्यास त्या फोनवरून ६५०७५ या क्रमांकावर ‘पीएसी’ (PAC) ही तीन इंग्रजी अक्षरे एसएमएसने पाठवावीत आणि मिळालेला कोड ३० दिवसांच्या आत नव्या कंपनीला द्यावा.