एलएलपी काढायचीय? मग वकील असा शोधा

दोघंतिघं मिळून धंदा सुरू करताय आणि उद्या देणी झाली तर घरादारावर येऊ नये म्हणून एलएलपी (लिमिटेड लायबिलिटी पार्टनरशिप, म्हणजे पार्टनरांची जबाबदारी मर्यादित असलेली भागीदारी) काढायचीय, चांगलंय (बँकेला स्वतःची पर्सनल गॅरंटी दिलीत तर मात्र ती तुमच्याच डोक्यावर राहते, हे लक्षात असू द्या). पण वकील नक्की कशासाठी हवाय ते आधी ठरवा. रजिस्ट्रेशन सगळं ऑनलाइन आहे, एमसीए म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर फिलिप नावाचा नोंदणीचा फॉर्म भरायचा, तो तपासला जातो हरियाणात मानेसरला, त्यामुळे फॉर्म भरणारा लातूरला बसलाय का पुण्यात याने काही फरक पडत नाही, आणि ते काम सीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) पण करून देतात. जवळचा वकील लागतो तो पार्टनरांमधल्या ॲग्रीमेंटसाठी.

त्याचं कारण सांगते. 2008 च्या एलएलपी कायद्याला पहिलं परिशिष्ट आहे, तुम्ही ॲग्रीमेंटमध्ये जे लिहिलं नाही तिथे ते लागू होतं. म्हणजे तुम्ही 8 लाख टाकले, मित्राने 2 लाख, आणि वाटणीचं काही लिहिलंच नाही, तर नफा तोटा दोघांत सारखा. दिवसभर दुकान तुम्हीच सांभाळताय म्हणून पगार मागाल तर तोही नाही. ॲग्रीमेंट रजिस्ट्रेशननंतर 30 दिवसांत फॉर्म 3 ने भरावं लागतं, मग शेवटच्या आठवड्यात लोक नेटवरचा नमुना उचलतात, नावं बदलतात आणि सह्या ठोकतात. असं प्लीज करू नका.

आता शोधायचं कुठे? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, त्यामुळे गूगलवर सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिराती बहुतेक रजिस्ट्रेशन करून देणाऱ्या एजन्सीच्या असतात. तुमच्या सीएला विचारा, एमआयडीसीतल्या ओळखीच्यांना विचारा, आणि ज्यांच्यातला एखादा पार्टनर बाहेर पडला तरी कोर्टाची पायरी चढावी लागली नाही असं कुणी सापडलं तर त्यांचा वकील सगळ्यात आधी गाठा. सनद नंबर (वकिलीच्या परवान्याचा नंबर) विचारायला लाजू नका, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा असेल तर एमएएच ने सुरू होतो.

पहिल्या भेटीला सगळे पार्टनर जा. वकील तुम्हाला किती प्रश्न विचारतो ते बघा. कोण सोडून गेला तर त्याचे पैसे कसे आणि किती दिवसांत द्यायचे, एखादा वारला तर घरच्यांना काय मिळणार, चेकवर सही कुणाची, हे न विचारता जो थेट आधार पॅन पाठवा म्हणतो तिथून उठा. वकील पार्टनरचा जुना मित्र असेल तर ॲग्रीमेंट आपल्या बाजूने वाचून घ्यायला दुसरा वकील गाठा, यात पार्टनरला वाईट वाटण्यासारखं काही नाही.

फी लेखी घ्या, सरकारी वेगळी आणि त्यांची वेगळी. एकूण भांडवल 1 लाखापर्यंत असेल तर रजिस्ट्रेशनची सरकारी फी 500 रुपये, 5 लाखापर्यंत 2000, स्टॅम्प ड्युटी वेगळी. डिजिटल सहीचं डोंगल (पेनड्राइव्हसारखं असतं ते) काम झालं की परत घ्या, लोक ते ऑफिसातच ठेवून येतात आणि ती तुमची सहीच असते हो. आणि दरवर्षी फॉर्म 11 (वार्षिक विवरण) 30 मेपर्यंत आणि फॉर्म 8 (हिशेबाचं विवरण) 30 ऑक्टोबरपर्यंत कोण भरणार ते त्याच दिवशी ठरवा, धंदा शून्य झाला तरी ते भरावेच लागतात.