घरात फोटो काढताय? आधी दिवे बंद करा

खिडकीतून दिवसाचा उजेड येत असेल तर खोलीतले सगळे दिवे बंद करा. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), पिवळा बल्ब २७०० च्या आसपास. दोन्ही एकत्र पडले की एक गाल निळसर आणि दुसरा हळद लावल्यासारखा दिसतो. नंतर ते निस्तरणं फार किचकट.

आजीचा फोटो काढताना मी तिची खुर्ची खिडकीपासून दोन हातांवर, जराशी तिरकी ठेवली. पलीकडचा गाल काळवंडत होता, म्हणून भावाला त्या बाजूला पांढरी चादर ताणून धरायला सांगितलं. उजेड सुरकुत्यांच्या आतपर्यंत पोचला, नथीचे मोतीही उठून दिसले. जवळ हिरवी किंवा गुलाबी भिंत असेल तर मात्र जागा बदला, तिचा रंग चेहऱ्यावर उतरतो.

पांढऱ्या साडीमुळे कॅमेरा फसतो आणि चेहरा काळपट येतो. तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +०.७ ते +१ करा. बऱ्याच फोनमध्ये चेहऱ्यावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह वर सरकवलं की हेच होतं. पण सावळा माणूस गोरा दिसावा म्हणून उजेड वाढवू नका, त्या माणसाचा खरा रंगच सुंदर असतो. शिवाय कपाळ एकदा पांढरंफटक झालं की तिथला तपशील परत मिळत नाही.

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढत असाल तर पहिल्या फोटोत हातात पांढरा कोरा कागद द्या. नंतर त्यावरून व्हाइट बॅलन्स लावता येतो, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असे रंग जुळवता येतात.