किमोनोच्या बाहीचा चहात रंगवलेला अभ्रा

किमोनोचं कापड जेमतेम ३६ ते ३८ सेंटिमीटर पन्ह्याचं असतं आणि शिवण बहुतेक सरळच. जपानमध्ये तो उसवून, पट्ट्या धुऊन, खळ देऊन ताणून वाळवायची 'आराइहारी' ही जुनी रीत आहे. म्हणजे शिवतानाच उसवण्याची सोय ठेवलेली असते. एका बाहीतून साधारण मीटरभर सलग पट्टी निघते, तेवढ्यात एक अभ्रा होतो.

फिकट किंवा पांढरी बाही घ्या, गडद कापडावर चहा दिसतच नाही. काखेतले घामाचे डाग मात्र रंगातूनही डोकावतात. कापड उजेडासमोर धरून बारीक भोकं बघा, मग उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना ताणा. घडीवर चिरत असेल तर ते टाकून द्या. काही जुन्या रेशमाला वजन यावं म्हणून धातूचे क्षार दिलेले असतात, ते कशानेही सावरत नाही. उसवलेला एक दोरा नव्हे, कापडाचाच धागा जाळा: केस जळल्यासारखा वास आणि चुरा होणारी राख म्हणजे रेशीम, कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. लाल अस्तर आधीच वेगळं करा, ओलं झालं की बहुधा रंग सोडतं.

पट्टी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा. जुनी खळ राहिली तर रंगाचे ढग उठतात. 'चिरिमेन' हे सुरकुतीदार कापड पाण्यात बऱ्यापैकी आटतं, म्हणून माप आत्ता घेऊ नका आणि उशीही आत्ताच आणू नका.

५० ग्रॅम कोरड्या रेशमाला ५० ग्रॅम चहा आणि अडीच लिटर पाणी. बांचा किंवा होजिचा हे साधे जपानी चहा चालतात, महागडा सेंचा हा हिरवा चहा इथे वाया जातो. चहा स्टीलच्या पातेल्यात अर्धा तास उकळून गाळा, चोथ्याचा कण राहिला तर तिथे ठिपका पडतो. लोखंडी भांड्यात रंग काळवंडतो. अर्क कोमट झाला की ओली पट्टी सोडा आणि हळूहळू ८० अंशांपर्यंत तापवा. उकळी आली तर रेशमाची चकाकी जाते. पाऊण तास सतत हलवा, मग त्याच पाण्यात थंड होऊ द्या. ओला रंग वाळल्यावर बराच फिका पडतो, त्यामुळे थोडा गडदच ठेवा.

असाच वाळवला तर तपकिरी. करडा हवा असेल तर वेगळ्या पातेल्यात २ लिटर कोमट पाण्यात १ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) पूर्ण विरघळवा, मगच पट्टी सोडा. पाच ते दहा मिनिटं पुरे. रंग गडद करायच्या मोहात हिराकस वाढवू नका, लोहाने रेशीम ठिसूळ होतं. शेवटी भरपूर पाण्यात खळबळा, सावलीत वाळवा आणि किंचित दमट असताना उलट्या बाजूने इस्त्री करा.

आता माप. पन्हा ३६ उरला असेल तर ८२ सेंटिमीटर लांबी कापा. दोन्ही टोकांना २ सेंटिमीटर दुमडून शिवा. सुलटी बाजू वर ठेवून टोकं मध्ये आणा, १० सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्या. लांबी ३४ राहील. दोन्ही कडा १ सेंटिमीटर आत शिवून उलटवा. पन्हा कमी भरला तर त्याच हिशेबाने उशी लहान. कापड विरळ असेल तर आतून मलमल टाचा, नाहीतर बसता-उठता शिवणीपाशी धागे सरकतात. मशीनला ६० किंवा ७० नंबरची बारीक सुई लावा.

अभ्रा उन्हात ठेवू नका. करड्यावर लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं तर तेवढाच ठिपका फिका पडतो, लगेच साध्या पाण्याने धुवा.