राउटर बंद पडला? आधी खोली बघा

डिप्लोमा संपवून बेळगावात फील्ड सपोर्टला लागलेली पोरं पहिल्याच कॉलला लॅपटॉप उघडतात आणि कॉन्फिगरेशन वाचत बसतात. अहो, वर्षभर नीट चाललेलं रूटिंग (डेटा कुठल्या वाटेने पाठवायचा ते ठरवणं) रोज दुपारी तीनलाच कसं बिघडेल? तक्रार ठरावीक वेळेला किंवा ऋतूला येत असेल, तर संशय आधी उष्णता, धूळ, ओल आणि विजेवर घ्यावा. आपल्या जिल्ह्यात हे चारही भेटतात. निपाणीला तंबाखूची धूळ, उद्यमबागेत फाउंड्रीची काळी पूड, कणकुंबीकडे पावसाळाभर ओल आणि अथणीला मे महिन्याचं ऊन.

सिस्कोचा राउटर असेल तर कन्सोलवर, म्हणजे लॅपटॉप केबलने थेट जोडून उघडलेल्या कमांडच्या पडद्यावर, 'शो एन्व्हायर्न्मेंट ऑल' ही कमांड द्या. तापमान, पंखे, पॉवर सप्लाय, व्होल्टेज असं सगळं दिसतं. लहान मॉडेलांत थोडं कमी. तापमानाचे आकडे शेजारीशेजारी ठेवून वाचा. आत शिरणारी हवाच गरम असेल तर दोष खोलीचा: एसी बंद आहे, नाहीतर राउटर कपाटात कोंडलाय. शिरणारी हवा ठीक आणि आतलं तापमान चढलेलं, तर जाळी तुंबलीय किंवा पंखा मंदावलाय. बऱ्याच मॉडेलांची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते, पण ती राउटरजवळच्या हवेची. दाराशेजारच्या थर्मामीटरवर ३४ बघून निर्धास्त राहू नये.

निपाणीत एका वखारीच्या ऑफिसात राउटरची जाळी बघितली होती. तपकिरी धुळीचा थर इतका घट्ट की नखाने धरून अख्खा सोलून काढता आला, नमद्यासारखा. (तपकीर वेगळी ओढायची गरज नाही, शिंका आपोआप येतात.) सफाई करताना राउटर बंद करा, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने अडवा. हवेच्या जोराने पंखा भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. फाउंड्रीतली पूड जास्त वाईट, कारण ती लोखंडाची. बोर्डावर बसली की शॉर्टची भीती.

तापमान धोक्याच्या पुढे गेलं की काही राउटर स्वतःला बंद करून घेतात. तोवर दिलेले इशारे रॅममधल्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदीत) असतात आणि वीज गेली की तेही जातात. म्हणून लॉग दुसऱ्या मशीनवरच्या सिसलॉग सर्व्हरला (नोंदी साठवणाऱ्या प्रोग्रॅमला) पाठवा, एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ घेऊन) घड्याळ जुळवा आणि एसएनएमपीचे एन्व्हमॉन ट्रॅप, म्हणजे तापमान-पंख्यांचे इशारे देखरेखीच्या मशीनला आपोआप पाठवणारी सोय, चालू करा. राउटर परत सुरू झाल्यावर 'शो व्हर्जन' कमांडमध्ये मागच्या वेळी तो का थांबला ते बघा.

दोन पॉवर सप्लाय असले की एक मेलेला महिनोन् महिने कुणाला कळत नाही. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेलेही मी बघितलेत! अर्थिंग तपासताना न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा.

खानापूर भागात वेगळीच गंमत. एसीच्या थंडगार खोलीचं दार पावसाळ्यात उघडं राहतं, दमट हवा आत येते आणि गार पत्र्यावर पाणी सुटतं. त्यात इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी त्याच कपाटात असेल तर ॲसिडच्या वाफेने पोर्टचे पितळी भाग हिरवे पडतात. बॅटरी आधी बाहेर काढायला लावा.

प्रत्येक साइटचे जानेवारीतले आणि मेमधले आकडे वहीत लिहून ठेवा. एसीच्या खर्चाला मंजुरी मागताना मॅनेजरपुढे तीच वही ठेवायची. 'साहेब, खोली लई तापते' एवढ्यावर कुणी पैसे सोडत नाही.