रिटायरमेंटनंतर आपलंच शहर फिरायची सोपी पद्धत

रिटायर झाल्यावर आपलं शहर निवांत बघू म्हणतो, आणि पावलं मात्र सवयीने त्याच चार रस्त्यांवर वळतात. मी काय करते सांगते.

१. ज्या बसचा नंबर वर्षानुवर्षं नुसता वाचला पण जी कधी पकडली नाही, ती सकाळची ऑफिसची गर्दी ओसरल्यावर घ्यायची आणि थेट शेवटच्या स्टॉपला उतरायचं.

२. तिथून त्याच रूटने उलटं, दोन-तीन स्टॉप चालत यायचं. चालताना दुकानांच्या पाट्या सोडून वरचे मजले बघा, जुन्या इमारतींवर कमानीच्या वर किंवा दारावर बांधल्याचं साल कोरलेलं असतं, कधी मालकाचं नावही, आणि हे इतकी वर्षं दिसलंच कसं नाही असं होतं खरंच! फक्त वर बघायचं तर थांबून बघा, चालता चालता नको, फुटपाथ कुठे खचलेला असेल सांगता येत नाही.

३. पाय दुखले की पुढच्या स्टॉपवरून तीच बस, घरी.

म्युझियम करायचं असेल तर सुट्टीचा वार आधी बघा, बरीच म्युझियम्स सोमवारी बंद असतात. आणि उतरल्या उतरल्या परतीच्या बसची वेळ विचारून ठेवा, दुपारी काही रूटवर बस बऱ्याच वेळाने येते.